म्हैस लपते, शेपटी दिसते

लहानग्यांच्या वाचनाविषयीच्या या सदरात या वेळी सगळी पत्रं वडोदऱ्याची आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच आहे: गाय, म्हैस, कोंबडा, गाढव यांची गमतीची चित्रपुस्तकं. शाळेत जायच्या आधीच्या वयाची, म्हणजे साधारण दोन ते पाच वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझा नातू सव्वातीन वर्षांचा आहे. त्याच्यासाठी आणलेल्या पुस्तकात गाय चष्मा लावून वर्तमानपत्र वाचते, कोंबडा सूर्य डोक्यावर आला तरी घोरत पडतो. आम्ही मोठी माणसं हसून बेजार होतो, तो मात्र चित्राकडे नुसता बघत बसतो. पुस्तक चुकीचं निवडलं का?
— एक आजी, दांडिया बाजार

आजी, पुस्तक चांगलं आहे, क्रम तेवढा उलटा झाला आहे. कोंबडा झोपून राहतो यात गंमत कधी वाटेल? कोंबडा सगळ्यांच्या आधी उठतो हे पक्कं ठाऊक असेल तेव्हा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाने कोंबडा आरवताना ऐकलेलाच नसतो. त्याच्या दृष्टीने झोपलेला कोंबडा हा फक्त झोपलेला कोंबडा. म्हणून आधी खरा प्राणी आणि मग गमतीचा, हा क्रम सोडू नका.

मुलांच्या विनोदबुद्धीच्या पायऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मॅकघी यांनी १९७०च्या दशकात मांडल्या, त्या निवड करताना फार उपयोगी पडतात. दीड वर्षाच्या आसपास वस्तूचा भलताच वापर हसवतो: डोक्यावर चप्पल, कानाला केळं. दोनच्या पुढे मुद्दाम चुकीचं नाव घेतलं की खुदकन हसू येतं. तिसऱ्या वर्षानंतर ‘असं कुठे असतं का!’ या जातीची गंमत कळू लागते, म्हणजे झाडावर चढलेली गाय किंवा पोळ्या लाटणारी शेळी. शब्दांचे दुहेरी अर्थ कळायला सहा-सात वर्षं उजाडतात. कोट्यांनी भरलेलं पुस्तक आईबाबांना आवडतं आणि मूल जांभया देतं, त्याचं कारण हेच.

तुमच्या पुस्तकातल्या दोन गमतींपैकी चष्म्याची आधी घ्या, कारण चष्मा तो घरात रोज पाहतो. चार-पाच दिवस एवढंच करा. येता-जाता रस्त्यावर गाय दिसली की दोन मिनिटं थांबा. ती कान कसे हलवते, रवंथ करताना तोंड कसं फिरवते, शेपटीने माशी कशी हाकलते, ते बघू द्या. घरी पुस्तक उघडल्यावर पहिल्याच पानावर बोट ठेवून गंभीर चेहऱ्याने म्हणा, “ही म्हैस.” तो “नाही, गाय!” म्हणून ओरडेल. चूक पकडण्याचा मान त्याला मिळाला की हसू येणारच. त्यानंतर चष्म्याचं पान.

एक गोष्ट मात्र करू नका. “बघ, किती गंमत! गाईला चष्मा नसतो ना, म्हणून हसायचं” असं समजावून सांगू नका. समजावून दिलेली गंमत मोठ्यांनासुद्धा लागत नाही. “अगं बाई, ही तर आजोबांसारखी!” एवढं म्हणून चित्र पाच सेकंद त्याच्यासमोर तसंच राहू द्या. आणि तो हसत नाही, नुसता बघतो, याची काळजी नको. बघणं म्हणजेच त्याचं वाचणं. चित्रातल्या कोपऱ्यातला उंदीर तुमच्या आधी त्याला सापडलेला असतो.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. बदकाचं एकच पुस्तक रोज रात्री सहा-सात वेळा वाचायला लावते. दुसरं काढलं की रडते. सवय मोडावी का?
— एक आई, मांजलपूर

अजिबात मोडू नका. पुढे काय येणार हे आधीच माहीत असणं, हीच या वयातली निम्मी मजा असते. शब्दही अशाच पुनरावृत्तीने पक्के होतात. तुम्हाला कंटाळा आला असेल तर ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा, तो ती भरेल. चौथ्या-पाचव्या दिवशी एक शब्द मुद्दाम चुकवा, बदकाला शेळी म्हणा. तिने दुरुस्त केलं, की ते पुस्तक तिला पाठ झालं. मग नवं पुस्तक जुन्याच्या आधी वाचा, नंतर नाही. जुनं शेवटी येणारच आहे हे कळलं की रडणं थांबतं.

प्रश्न : बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय, लाल लाकडी कोठार आणि गुलाबी डुक्कर असतं. मुलगा रस्त्यावरची गाय बघून “ही गाय नाही” म्हणाला. अशी पुस्तकं टाळावीत का?
— एक वडील, कारेलीबाग

टाळायची गरज नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. ती ठिपक्यांची गाय होल्स्टीन फ्रीजियन जातीची, युरोपातली. तिला वशिंड नसतं. आपल्याकडच्या गाईला खांद्यावर वशिंड आणि गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी असते. गुजरातेत तर मुलाला दाखवण्यासारख्या जाती दारात उभ्या असतात. गीर गाईचं कपाळ गोल, पुढे आलेलं, आणि कान लांब, दुमडलेल्या पानासारखे लोंबते. कांकरेज राखाडी रंगाची, तिची मोठी शिंगं बाहेरच्या बाजूने वर वळलेली. सुरती म्हशीची शिंगं विळ्यासारखी आणि गळ्याशी दोन पांढरे पट्टे, तर जाफराबादी म्हशीची जाडजूड शिंगं आधी मानेकडे खाली पडतात आणि मग टोकाशी वळतात. पुस्तकातली गाय दाखवताना “ही दूरदेशची गाय, हिला वशिंड नाही. आपल्या गाईला कुठे असतं, दाखव” एवढं एक वाक्य पुरतं.

खरी तपासणी वेगळीच आहे. चित्रकाराने गंमत म्हणून केलेली चूक आणि माहिती नसल्याने झालेली चूक यांत फरक करा. बैल सायकल चालवतो ही गंमत. बैलाला कास काढली ही चूक, आणि मूल तीच खरी धरून चालतं. गाई-म्हशीला चार सड, शेळी-मेंढीला दोन. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे जाड हिरडी असते. म्हणजे वरखाली दात विचकून हसणारी गाय काढणाऱ्याने जवळून गाय पाहिलेली नाही. बसलेली गाय उठताना आधी मागचे पाय उभे करते, घोडा आधी पुढचे. हे ठाऊक असलेल्या चित्रकाराच्या हातून जास्त चांगली गंमत निघते. दात घासायला बसलेली गाय वरच्या बाजूला ब्रश नेते आणि तिथे दातच नाहीत म्हणून बुचकळ्यात पडते, हे चित्र खरंही आहे आणि हसवणारंही.

सुट्टीच्या दिवशी आणंदच्या बाजूला एखाद्या गावात संध्याकाळी दूध मंडळीवर, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत, मुलाला घेऊन जा. कॅन, रांग, दुधाचा वास, दाराशी बांधलेली म्हैस. त्यानंतर तेच पुस्तक काढून बघा.

प्रश्न : आमच्या बालवाडीत वीस मुलं आहेत. शेतावरच्या प्राण्यांचं एक गमतीचं मोठं पुस्तक हाताने बनवायचं आहे. मागच्या वेळी केलेल्या पुस्तकाची पानं फुगली, मधलं चित्र तुटलं आणि मुलं ऐकताना चुळबुळत होती. नीट पद्धत सांगाल का?
— एक बालवाडी शिक्षिका, रावपुरा

ताई, तुमच्या तीन अडचणींची कारणंही तीन आहेत. पानं फुगली ती ओल्या गोंदाने. चित्र तुटलं ते पानांची मांडणी आधी न केल्यामुळे. आणि चुळबूळ झाली ती बहुधा मजकूर लांब झाल्यामुळे. एकेक घेऊ.

वीस मुलांसाठी पान ए-३ आकाराचं हवं, त्याहून लहान चित्र मागच्या रांगेला दिसत नाही. त्यासाठी ए-२ आकाराचे चार ड्रॉइंग पेपर मधोमध दुमडा, सोळा पानं झाली. पाचवा, जरा जाड कागद मुखपृष्ठाला. कागद १५० ते २०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. पातळ कागदातून स्केचपेन पाठीमागे उतरतो आणि फार जाड कागद घडीवर तडकतो. दुमडण्यापूर्वी कागद आडवा-उभा हलकासा वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो त्या दिशेने घडी सरळ पडते. सहज वाकण्याची दिशा आपल्या घडीशी जुळते असा कागद दुकानात विचारून मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून चमच्याच्या दांड्याने खाच पाडा, मगच दुमडा.

रंगाला हात लावण्यापूर्वी साध्या ए-४ कागदांची छोटी प्रत करा: चार कागद, दुमडून एकात एक. पेन्सिलीने पानांवर १ ते १६ आकडे घाला आणि कागद सुटे करा. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५ येतील. पुढच्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. सर्वांत आतल्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. म्हणजे समोरासमोरची पानं एकाच अखंड कागदावर आहेत अशी जागा एकच, ८-९. बाकी सगळीकडे डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्यावर. तुमचं चित्र तिथेच तुटलं. सलग, लांबलचक चित्र फक्त ८-९ वर काढा. इतर जोडपानांवर सांध्यापासून तीन सेंटीमीटर आत चेहरा, डोळा, पाय काही आणू नका.

गोष्टीसाठी एक आराखडा देतो, हवा तसा बदला. लपाछपी चालू आहे आणि गाईवर राज्य आहे. पान १ वर नाव. २-३ वर गाय डोळे मिटून दहा आकडे म्हणते. ४-५ वर म्हैस तुळशीवृंदावनामागे लपली आहे आणि दोन्ही बाजूंनी पोट बाहेर आलं आहे. मजकूर एवढाच : “म्हैस लपली. कुणालाच दिसत नाही.” ६-७ वर बैलगाडीमागे, वर फक्त शिंगं. ८-९ वर अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या, त्यांच्या खाली चार जाड काळे पाय. दोरी या पानापासून त्या पानापर्यंत सलग जाते, म्हणूनच हे चित्र मध्ये ठेवलं. १०-११ वर कडब्याच्या गंजीमागे, शेपटी बाहेर, आणि दुसऱ्या बाजूने शेळी गंजी खात सुटली आहे. १२-१३ वर तळं. डावीकडे नुसतं पाणी, उजवीकडे एक काळा गुळगुळीत दगड आणि त्यावर बगळा. १४-१५ वर सगळे प्राणी काठावर हुडकत आहेत. तोच दगड, आता त्याला दोन नाकपुड्या दिसतात. १६ वर “फुर्र्र!” पाण्याचा फवारा, उडालेला बगळा आणि हसणारी म्हैस.

यात गंमत घडते ती शब्द आणि चित्र यांच्या भांडणातून. शब्द म्हणतात दिसत नाही, चित्र म्हणतं दिसते की! जे मोठ्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसतंय, हे मुलाला कळतं आणि ते ओरडतं. शेवटचं तळंही खोटं नाही. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून उन्हाळ्यात ती पाण्यात नाकापर्यंत बुडून बसते, आणि गाईगुरांच्या अंगाखांद्यावर बसून किडे टिपणारा गायबगळा तुमच्या मुलांनीही पाहिलेला असेल.

एका जोडपानावर आठ ते बारा शब्द, जास्त नकोत. अक्षर दीड ते दोन सेंटीमीटर उंच. “कुणालाच दिसत नाही” हे वाक्य प्रत्येक वेळी जसंच्या तसं येऊ द्या. तिसऱ्या वेळी सगळी मुलंच ते म्हणतील.

वीसही मुलांचा हात लागावा म्हणून गोधड्यांचं पान त्यांना द्या. दोन गोधड्या, प्रत्येकीत दहा चौकोन, एक चौकोन चार सेंटीमीटरचा. प्रत्येक मुलाने एक तुकडा चिकटवायचा: रंगीत कागद, जुनं कापड, काहीही. गोंद कोरड्या ब्रशने पातळ आणि फक्त तुकड्याला लावा, पानाला नाही. पानं शिवण्याआधी चिकटवा, वर-खाली कोरे कागद घालून रात्रभर जड वह्यांखाली ठेवा. एवढं केलं की पान फुगत नाही.

शिवण : घडीवर दाभणाने पाच भोकं पाडा, एक मधोमध, दोन वर, दोन खाली. गोधडी शिवायचा जाड दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर या आणि आत वीतभर दोरा सोडा. वरच्या दुसऱ्या भोकातून आत, सर्वांत वरच्या भोकातून बाहेर, परत दुसऱ्यातून आत. आता मधलं भोक ओलांडून खालच्या दुसऱ्या भोकातून बाहेर, सर्वांत खालच्यातून आत, परत त्याच्या शेजारच्यातून बाहेर आणि शेवटी मधल्या भोकातून आत. मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोऱ्याची टोकं ठेवून गाठ मारा. जाड कागदामुळे आतलं पान दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावेल. ते कापायचं असेल तर शिवल्यावर कापा, आणि म्हणूनच बाहेरच्या कडेला दीड सेंटीमीटर जागा कोरी सोडा.

वाचताना मुलं अर्धवर्तुळात बसवा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर पान काळं दिसतं. पुस्तक खालून धरा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पान उलटण्याआधी तीन आकडे मनात मोजा. आणि शेपटीवर स्वतः बोट ठेवू नका. कितीही मोह झाला तरी. ती मुलांची शेपटी आहे.

प्रश्न : घरी मराठी, अंगणात गुजराती, नर्सरीत इंग्रजी. कोंबडा नेमकं काय म्हणतो यावरून चार वर्षांच्या मुलाचं शेजारच्या मुलाशी भांडण झालं! गुजराती पुस्तक मराठीत सांगावं का?
— एक आई, गोत्री

भांडण फार छान विषयावर झालं! मराठीत कोंबडा कुकूच कू करतो, गुजरातीत कूकडे कूक. दोन्ही मुलं बरोबर आहेत. यावर घरच्या घरी खेळ करा : एक मराठी कोंबडा, एक गुजराती कोंबडा, दोघंही पहाटे भिंतीवर चढून एकमेकांना उत्तर देतात. चार वर्षांच्या मुलाला हे पुरेपूर कळतं.

गुजराती पुस्तक मराठीत जरूर सांगा, मात्र यमक जुळवलेली आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ मूळ भाषेतच म्हणा. तोंडी भाषांतरात तिचा ठेका जातो आणि ठेक्याबरोबर हसूही जातं. उलट, मराठी पुस्तकात मराठीचे खास शब्द आवर्जून वापरा. सगळ्या प्राण्यांना “ओरडतो” आणि सगळ्या पिल्लांना “बेबी” म्हणून मोकळं होऊ नका. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. रेडकू हा शब्द नुसता म्हणून दाखवला तरी मुलं हसतात.

प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ या इंटरनेटवरच्या मोफत संग्रहात अनेक चित्रगोष्टी मराठी आणि गुजराती दोन्हींत आहेत. एकच गोष्ट दोन्हींत उतरवून घ्या, आजी मराठीत वाचेल, शेजारच्या बेन गुजरातीत. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकंही आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानच्या ग्रंथालयांची घडी बसवली, तिथलं हे ग्रंथालय. मुलाला बरोबर न्या, पुस्तक त्यालाच निवडू द्या.

प्रश्न : गाढव मूर्ख, म्हैस जाडी, अशीच गंमत असलेली पुस्तकं पाहिली. मुलगी आता भावाला “गाढवा” म्हणते.
— एक आई, अलकापुरी

अशी पुस्तकं बाजूला ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आपल्या म्हणींनी गाढवाला आधीच पुरेसं छळलं आहे. चांगल्या पुस्तकात प्राण्याची फजिती होते, पण त्याचा अपमान होत नाही. विकत घेण्याआधी शेवटचं पान बघा. ज्या प्राण्यावर सगळे हसले तो स्वतः शेवटी हसतोय का? म्हैस तळ्यात लपून जिंकते, तेव्हा तिच्या आकारावरची सगळी गंमत तिच्याच बाजूची होऊन जाते. घरात ऐकू येणाऱ्या “गाढवा”चा उगम मात्र दर वेळी पुस्तकातच असतो असं नाही, तेही एकदा तपासा.

प्रश्न : धाकटा दहा महिन्यांचा, तो थोरलीची पुस्तकं चावतो आणि फाडतो. दुरुस्ती कशी करावी?
— एक वडील, वाघोडिया रोड

धाकट्याला जाड पुठ्ठ्याच्या पानांची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं द्या आणि थोरलीची त्याच्या हाताला न लागतील अशा फळीवर ठेवा. मधोमध पिना मारलेलं पुस्तक त्याच्या हाती अजिबात नको. पावसाळ्यात पिना गंजतात, सैल होतात आणि टोक वर येतं. त्या काढून त्याच भोकांतून दोऱ्याने शिवून घ्या.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते, गोंद बाहेर येतो आणि शेजारचं पान चिकटतं. बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी हाताने फाडून घ्या, कात्रीने नाही. फाटलेली कड विरघळल्यासारखी बसते. पांढऱ्या गोंदात निम्मं पाणी घालून पट्टीला पातळ थर द्या, चिरेवर बसवा, वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून तासभर दाबा, मग प्लास्टिक काढून कोरड्या कागदात पुन्हा दाबून ठेवा. घरची कणकेची खळ वापरली तर झुरळं आणि कसर लागते. ती लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालत. मोरचूद विषारी आहे, मूल तोंडात घालील अशा पुस्तकाजवळही तो येऊ देऊ नका.